गवतातला देप्रेदादोर

“…मंग सांग नं. त्या वहीत तू मले काय लिहिलं?”

सुरमल आज्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. पायात चप्पल होती.

“काई नाई आजा. तुही ओळख लिहिली.”

“ओळख तिले हाय. तीन हिवाळे झाले, माह्या चुलीवरची भाकर खाऊन राह्यली ते. कायची ओळख?”

मी दुसऱ्या चपलेची लेस बांधायला घेतली.

बाभळीखाली आम्ही तिघंच होतो. आजा, मी आणि इनेसताई. ताईच्या मांडीवर वही होती. वहीवर पेन होतं. पेन हलत नव्हतं. ताई माझ्याकडं बघत होती आणि मी चपलेकडं.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे पोट्टं मधूनच सुरू झालं.

माझं नाव वकील. खरंच. आधार कार्डावरपण वकील पवार आहे. नववीपर्यंत शाळेत गेलो, मग शाळा आणि मी दोघं एकमेकांना कंटाळलो. आमचा फासेपारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, वाशिमकडच्या माळावर आहे. चारी बाजूंनी गवत. सुरमल आजा माझा सख्खा आजा नाही, अख्ख्या बेड्याचा आजा आहे.

आणि इनेसताई स्पेनची. दर हिवाळ्यात भोवत्या बघायला येते. भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्याला पोट लागेल इतका खालून भोवंडत उडतो. त्याचे भाऊबंद ताईच्या गावाकडं गव्हात घरटी करतात म्हणे. थंडीत इकडचे किती भोवत्ये संध्याकाळी गवतात झोपायला उतरतात, ते ती मोजते. आजा तिला जागा दाखवतो. बेड्यावर आमची बोली वेगळी, पण ताई बसली असली की आजा मराठीच बोलतो. तिला कळावं म्हणून.

ताईला मराठी चांगली येते. चांगली येते ती आज्यामुळं. बाकीची माझ्यामुळं.

पहिल्या वर्षी मी तिला सांगितलं होतं, आमच्याकडं चहा पिऊन झाला की कप ठेवताना ‘गेला पाताळात’ म्हणायची रीत आहे. नाही म्हटलं तर चहा करणाऱ्याला वाईट वाटतं. तेव्हापासून ती म्हणते. टपरीवाल्याला म्हणाली, सरपंचाला म्हणाली, फॉरेस्टच्या साहेबालापण म्हणाली. साहेबाला ठसका लागला. आता आमच्या फाट्यावर सगळेच म्हणतात.

बदल्यात मी तिच्याकडून स्पॅनिश शिकलो. तिच्याकडून थोडं आणि फोनवरून थोडं. माझ्याकडं तीनशे बारा शब्द जमले होते. बेड्यावर दुसऱ्या कुणाकडं एकपण नव्हता, म्हणून मी जरा ताठ मानेनं फिरायचो.

त्यात एक शब्द माझा लाडका. भोवत्यानं गवतात झेप मारली आणि उंदीर उचलला, तेव्हा ताई हळूच म्हणाली होती, “देप्रेदादोर.” दुसऱ्याला मारून खाणारा.

काय शब्द आहे! थंडीत बुलेटला किक मारल्यासारखा. दे-प्रे-दा-दोर्र्र.

मग मी दिसेल त्याला म्हणत सुटलो. आमची मांजर देप्रेदादोर. माझा शर्ट खाल्ला ती शेळी देप्रेदादोर. सुट्टे पैसे परत न देणारा कंडक्टर, तोपण.

आणि आज ताईनं मला वही दिली. मागच्या पानावर मदत करणाऱ्या माणसांची यादी करायची होती. नाव, गाव, काम. “तू लिही,” म्हणाली, “तुझं अक्षर छान आहे.” असं मला शाळेत कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मी लिहिलं. नाव, सुरमल पवार. गाव, बेडा. काम…

काम देप्रेदादोर.

लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी उभा राहिलो, कुस्तीच्या फडातल्या भोंग्यासारखा आवाज काढला आणि आज्याकडं हात करून ओरडलो, “एस्ते सेन्योर एस उन देप्रेदादोऽऽर!” म्हणजे, हे गृहस्थ देप्रेदादोर आहेत.

मला वाटलं ताई हसेल.

ताईनं वही माझ्या हातातून घेतली. फक्त एवढंच म्हणाली, “वकील… हे माणसाला म्हणत नाहीत.”

आज्याला वाचता येत नाही. पण ऐकायला त्याच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला येत नाही.

म्हणून तो विचारत होता. तिसऱ्यांदा.

आणि माझी पंचाईत वेगळीच होती. दोन वर्षं मी आज्याच्या मागं लागलो होतो, मला तितराचा आवाज शिकव. आजा तोंडानं आवाज काढतो आणि रानातला तितर चालत त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. बेड्यावर हे आता त्याला एकट्यालाच येतं. दोन वर्षं तो ‘पाहू’ म्हणत होता. आज सकाळी पहिल्यांदा म्हणाला, “आज दिवसभर पाहुणीसमोर नीट राह्यला, तं उद्यापासून शिकवतो.”

दिवस संपायला दीड तास उरला होता.

“शिकारी लिहिलं आजा,” मी म्हटलं.

“शिकारी?”

“हाव.”

“शिकारी तं मी होतोच.” आज्यानं ताईकडं बघितलं. “त्याच्यात गप बसण्यासारखं काय हाय, बाई?”

ताईनं आज्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“वकील सांगेल,” ती म्हणाली.

अशी माणसं लय वाईट. चुगली केली असती तर भांडता आलं असतं.

“…आजा, तो शब्द भोवत्याले म्हणतात. कोल्ह्याले म्हणतात. जो दुसऱ्याले मारून खाते, त्याले.”

“बरं. आन् माणसाले म्हटलं तं?”

हे मला खरंच माहीत नव्हतं. फोननं सांगितलं नव्हतं. मी ताईकडं बघितलं.

ताई एक-एक शब्द शोधत बोलली. “भोवत्याला म्हटलं तर ती शिवी नाही. त्याचं पोट तसं आहे, एवढंच. माणसाला म्हटलं तर… लुटणारा. भूक नसताना ओरबाडणारा. आमच्या गावात एखाद्याला असं म्हटलं, की आया पोरींना घरात बोलावून घेतात.”

वाऱ्यानं गवत एकदा इकडं झालं, एकदा तिकडं.

मला आठवलं, दुपारी आज्यानं मला भाकरीचा मधला, मऊ तुकडा दिला होता. कडा स्वतः खाल्ल्या होत्या. आणि त्याला दात नाहीत.

“आजा…”

“हात्तेरीच्या!” आजा हसला. खो-खो हसला. “एवढंच? मले वाटलं, काई नवं असंन!”

“आजा, मी मस्करी…”

“माह्या आज्याचं नाव इंग्रजीत होतं. पोलीस चौकीच्या वहीत. बापाचं मराठीत होतं. वाचता दोघालेबी येत नोतं. पण रोज सांजच्याले त्या वहीसमोर जाऊन उभं राहा लागे. हजर, साहेब. काई चोरलं म्हणून नाई. पारध्याच्या घरी जन्मला म्हणून.”

ताईनं मान खाली घातली.

“मले वाटे, माह्यापाशी येऊन सरलं ते.” आजा डोळे पुसत होता. हसून पाणी आलेले डोळे. “तू तिसऱ्या भाषेत घेतलं लिहून. तुह्यं अक्षर चांगलं असंन, नाई?”

एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. हसला, त्याचं काय करायचं?

“खोडतो आजा. आत्ता खोडतो.” मी पेनाकडं हात केला.

“राहू दे.”

“पण…”

“राहू दे म्हटलं नं. आधी चाल. तोंड बंद. फोनचंबी.”

आजा उठला, धोतर झटकलं आणि गवतात शिरला. मागं मी. माझ्यामागं ताई.

दोनशे पावलं गेलो असू. आज्यानं हातानं दाबल्यासारखं केलं. आम्ही आडवे झालो. कुसळं शर्टातून पोटाला टोचायला लागली. माझ्या नाकावर एक टोळ येऊन बसला. मी त्याला तीनशे बारापैकी चार शब्द मनातल्या मनात ऐकवले.

आजा उकिडवा बसला. एक हात तोंडाभोवती धरला. दोन बोटं गळ्यावर.

“ती-तूऽर… ती-तूऽर… ती-तूऽर…”

माणसाचा आवाज राहिलाच नाही तो. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, तरी मला वाटलं मागं तितर आहे.

काहीच नाही.

पुन्हा.

लांब, पळसाच्या बुडातून उत्तर आलं. रागाचं. माझ्या रानात कोण रे तू?

आज्यानं उलटून दिलं. तू कोण?

तिकडून दोनदा आलं. आज्यानं तीनदा दिलं. मग गवत हलायला लागलं. सरळ रेघेत, आमच्याकडं.

बाहेर आला. छाती फुगवलेली, मान ताठ. गावात नवीन मोटरसायकल आणलेला पोरगा फिरतो ना, तसा. इकडं बघ, तिकडं बघ. कुठाय तो? या समोर!

माझ्यापासून दोन हातावर.

त्याच्या गळ्याची काळी रेघ दिसत होती. डोळ्याची पापणी दिसत होती.

आज्याचे दोन्ही हात गुडघ्यावर होते. उघडे. ताईनं श्वास रोखला होता.

माझा उजवा हात पुढं सरकला.

मी नाही सरकवला. तोच सरकला. चार बोटं. अजून चार बोटं. टोळ उडून गेला. आता फक्त मनगट वळवायचं होतं.

आज्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मी पण आज्याकडं बघितलं. त्यानं नाही म्हटलं नाही. डोळेपण मोठे केले नाहीत.

त्यानं आवाज काढला.

वेगळाच. बारीक, तुटका, उतरत जाणारा. “क्रीक्… क्रिक्… क्…” जसं कुणी माघार घेत-घेत लांब जातंय. मी दोन वर्षं लपून-छपून त्याचे आवाज ऐकले होते. हा कधी ऐकला नव्हता.

तितर थांबला. ऐकलं. पिसं अंगाला बसली. मग एकदा, शेवटचं, जोरात ओरडला. त्यानं पाठ फिरवली आणि निघाला. घाई नाही. एक पाऊल, मग दुसरं, निवडून आलेला मेंबर घरी जातो तसा.

गवतानं त्याला झाकून घेतलं.

माझा हात तिथंच राहिला होता. रिकामा. मी तो ओढून घेतला आणि छातीखाली लपवला.



“…आजा, हा कोणता आवाज?”

“हारलेल्या तितराचा.”

“हा कायले शिकला तू? यानं तं पाखरू पळून जाते!”

“पळालं काय?”

“…नाई. चालत गेलं.”

“पायलं नं, कसं चालत गेलं ते?”

“पायलं.”

आज्यानं गवताची काडी तोडून दाताच्या जागी धरली.

“माह्या बापानं मले आठ आवाज शिकवले. आठही बलावण्याचे. भांडाले ये, जोडीले ये, दाणे खाले ये. मंग म्या पाखरं धराचे फासे सोडले. सारे चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी सवयीनं आवाज देल्ला. आलं नं पाखरू! येऊन उभं राह्यलं समोर. हातात फासा नाई.” आजा आपल्याच हाताकडं बघत होता. “आता याले वापस कसं पाठवाव? ते कोणी शिकवलंच नोतं मले.”

“मंग?”

“मंग काय. हारलेले तितर कसे बोलतात, ते आईकत फिरलो. तीन पावसाळे गेले त्याच्यात. तवा हा नववा आवाज आला.”

“फक्त हाराले तीन पावसाळे?”

“जिकाले दोनच लागले होते.”

वर पहिला भोवत्या आला. मग दुसरा. गवतावरून चक्कर मारत एक-एक उतरायला लागले. ताईनं मोजायला सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत, तिच्या भाषेत. मी पण मोजले. मला बेचाळीस भरले, तिला एक्केचाळीस. ती म्हणाली, एक तू दोनदा मोजला. मी भांडलो नाही. भांडलो नाही म्हणून तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

बाभळीखाली परत आलो. थर्मासमध्ये तळाशी चहा उरला होता, गार. ताईनं तीन कपांत ओतला. आम्ही एका घोटात संपवला.

ताईनं कप उलटा ठेवला. गंभीर तोंड करून म्हणाली, “गेला पाताळात.”

“गेला पाताळात,” आजा म्हणाला.

मला आतून कुणीतरी चिमटा काढला.

“ताई… तशी काही रीत नाही आमच्यात. मीच फेकली होती.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्याच आठवड्यात कळलं.”

“मग तीन वर्षं म्हणता कशाला?”

ताईनं खांदे उडवले. “मी म्हटलं की तू किती खूश होऊन जायचास.”

आजा माझ्याकडं बघत नव्हता. काडी चघळत होता. पण त्याचे कान हसत होते. त्याचे कान हसताना हलतात.

ताईनं वही उघडली, मागचं पान काढलं आणि वही, पेन दोन्ही माझ्यापुढं ठेवलं.

पान तसंच होतं. नाव, सुरमल पवार. गाव, बेडा. काम…

मी खोडलं. एक रेघ मारली. शब्द खालून दिसतच होता. अजून मारली. मग इतक्या मारल्या की कागद फाटायला आला आणि तिथं काळा ठिपका झाला, टोळाएवढा.

त्याच्या शेजारी अजून जागा होती.

“आजा, खोडलं.”

“बरं.”

“आता काय लिहू? शिकारी लिहू?”

आज्यानं काडी तोंडात या बाजूची त्या बाजूला केली.

“राखणदार लिहू? गाइड? फॉरेस्टवाले गाइड लिहितात. सांग नं आजा. तुह्यं काम काय लिहू?”

आज्यानं माळाकडं हनुवटी केली. पळसाच्या बुडाकडं.

“तितराले इचार.”

“मले कुठी येते तितराचं बोलणं?”

आजा माझ्याजवळ सरकला. काडी थुंकून टाकली. मग आपल्या गळ्यावर ठेवतो ती दोन बोटं त्यानं माझ्या गळ्यावर टेकवली. बोटं खरखरीत होती, गरम होती. माझ्या तोंडून आपोआप काहीतरी निघालं, तितराचं नाही, बेडकाचं नाही, कशाचंच नाही. इनेसताई हसली. आजा नाही हसला. त्यानं बोटं जराशी खाली सरकवली.

“आधी नववा,” तो म्हणाला.

मी मान हलवली. त्याच्या बोटांखालीच.

“आन् वहीत…?”

“तवरक जागा कोरी ठेव.”